तीन बोटांचं काय करायचं

टचपॅडवर तीन बोटं टेकवून डावीकडे सारली की काय व्हायला पाहिजे? हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही, कारण लॅपटॉप खोक्यातून निघतो तेव्हाच त्याचं उत्तर कोणीतरी देऊन ठेवलेलं असतं. मलाही कधी पडला नव्हता. ऑफिसात मॅकबुक होता, त्यावर तीन बोटांनी एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर जायचं, वर सारली की उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्या एकदम पसरून दिसायच्या, आणि हे मला कोणी शिकवलं, कधी शिकवलं काही आठवत नाही, हात आपोआप करायचा. मग नोकरी सोडली, मॅकबुक जमा केला, घरी बसून प्रूफं तपासायची कामं घ्यायला लागले, आणि लगेच लक्षात आलं की हात अजून ऑफिसातच आहे.

माझं काम असं की एका बाजूला प्रकाशकाची पीडीएफ, एका बाजूला लिबर ऑफिसमधली दुरुस्त्यांची यादी, आणि तिसरीकडे शब्दकोश नाहीतर शुद्धलेखनाचे नियम. दिवसभर या तिघांत नुसत्या येरझाऱ्या. माउस वापरला तर संध्याकाळपर्यंत मनगट ठणकायला लागतं, डॉक्टरांनी सरळ सांगितलं माउस कमी करा. कीबोर्डचे शॉर्टकट वापर असा सल्ला सगळेच देतात आणि मला ते येतातही हो, पण छापील प्रत समोर असते तेव्हा डावा हात ओळीखाली पट्टी धरून असतो, म्हणजे उरतो एकटा उजवा हात, आणि कंट्रोल, आल्ट आणि ॲरो एकाच हाताने दिवसभर दाबून बघा, मग मनगट का दुखतं ते वेगळं सांगायला नको.

आणि ही बोटांची सगळी करामत जन्माला आली तीच दुखऱ्या हातांपोटी. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन नावाचा पीएचडीचा विद्यार्थी होता, टायपिंगनं त्याचे हात पार दुखावलेले. त्यानं तिथलेच प्राध्यापक जॉन इलायस यांच्याबरोबर १९९८ मध्ये फिंगरवर्क्स नावाची कंपनी काढली आणि जोर न लावता, नुसत्या स्पर्शानं चालणारे कीबोर्ड आणि पॅड बनवले. २००५ मध्ये ॲपलनं ती कंपनी विकत घेतली, तिचा माल बाजारातून गेला, दोन वर्षांनी आयफोन आला, आणि जानेवारी २००८ मध्ये मॅकबुक एअर आला तेव्हा तीन बोटांनी सारण्याचं जेस्चर, म्हणजे बोटांची खूण, लॅपटॉपवर आलं. त्यामुळे "एवढ्याशा जेस्चरसाठी काय डोकं लावत बसायचं" असं कोणी म्हणालं की मला जरा रागच येतो. ज्यानं हे काढलं त्याला ती चैन नव्हती.

लॅपटॉप घेतला टिळक रोडवरून, रिफर्बिश्ड. कुठल्यातरी कंपनीनं लॉटमध्ये काढून टाकलेला, झाकणावर ॲसेट नंबरचा स्टिकर खरवडल्याची खूण, कीबोर्ड मात्र दणकट. दुकानदार म्हणाला, "मॅडम, विंडोज टाकून देऊ का?" मी म्हटलं नको, विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत सिस्टम टाकणार आहे. "टाका की. पण मग टचपॅड चालला नाही म्हणून आमच्याकडे यायचं नाही." एवढं आधी आणि एवढं स्पष्ट कोणी सांगितलं की मला बरंच वाटतं.

लिनक्स मला तसं नवीन नाही. कॉलेजात असताना मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसच्या आतुर सेंटरमध्ये जीएनयुनिफाय नावाचं मोफत सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन भरायचं, तिथे मैत्रिणीबरोबर हौसेनं जायचे, आणि पुढे उबंटू या लिनक्सच्या फुकट सीड्या पोस्टानं घरी यायच्या, ते २०११ पर्यंत चालू होतं. तेव्हा लिनक्सवर वायफाय लागलं की पेढे वाटायची वेळ. आता मिंट हे दुसरं लिनक्स टाकलं, एक्सएफसीईवालं, म्हणजे हलक्या रूपातलं, कारण रॅम चारच जीबी, तर वायफाय, प्रिंटर, मराठी कीबोर्ड सगळं न विचारता चालू. दोन बोटांचं स्क्रोलही झकास. तीन बोटं टेकवली तर ढिम्म. मिंटच्याच सिनॅमनवाल्या आवृत्तीत २०२३ च्या २१.२ पासून सेटिंगमध्ये जेस्चरचं पान आहे, चार टिचक्या मारल्या की झालं, पण सिनॅमन माझ्या मशीनला जड, त्यामुळे माझ्या नशिबी हातानं करणं आलं.

आता थोडं आत शिरावं लागेल, कंटाळा आला तरी. टचपॅडच्या पृष्ठभागाखाली इलेक्ट्रोडची जाळी असते, बोट जवळ आलं की तिथली धारकता बदलते, पॅडमधली चिप ती मोजून बोट कुठे आहे ते काढते. ते कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे जातं. कर्नल प्रत्येक बोटाला एक स्लॉट देतो आणि त्यात आडवं-उभं स्थान भरतो, त्याला पुढचं काही माहीत नसतं. त्याच्या वर लिबइनपुट नावाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड, ती बोटांच्या हालचाली जोडून बघते. तीन बोटं एका दिशेनं चालली तर स्वाइप, जवळ किंवा लांब गेली तर पिंच, नुसती टेकून राहिली तर होल्ड, हे शेवटचं २०२१ मध्ये आलं. दोन बोटांचं सरकणं तिच्या लेखी जेस्चरच नाही, ते स्क्रोल. आणि बस, इथे ती थांबते. स्वाइप झालं, तीन बोटांचं झालं, इतकं सरकलं, एवढं वर कळवते. त्याचं करायचं काय, हे तिच्याकडे येत नाही, वरच्या खिडकीवर विचारा. अगदी सरकारी कचेरीतलं उत्तर.

ब्रिस्बेनमध्ये बसून पीटर हटरर हे लिबइनपुट सांभाळतो आणि या बाबतीत ती मंडळी फार ठाम आहेत. सुरुवातीला मला हा आडमुठेपणा वाटला, सगळं तुम्हाला कळतं तर एक साधं उत्तर पण देऊन टाका ना. नंतर मत बदललं, कसं ते पुढे येईलच.

लिबइनपुटबरोबर एक छोटं हत्यार मिळतं, डीबग-इव्हेंट्स. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, सूडो (ॲडमिनची परवानगी) लावून ते चालवलं की बोट हलेल तशी ओळ खाली पडत जाते. स्वाइप बिगिन, अपडेट, अपडेट, अपडेट, एंड. प्रत्येक ओळीत वेळ, बोटांचा आकडा, आणि आडवं-उभं किती सरकलं ते दशांशात. माझ्याकडे कधी स्वाइप यायचं, कधी तीन बोटांचं चक्क स्क्रोल व्हायचं, कधी पॉइंटर उडी मारून कोपऱ्यात जाऊन बसायचा, आणि चार बोटांचं तर नावच नको. दुकानदाराचे शब्द आठवले, पण हार्डवेअर खराब असतं तर दोन बोटांनाही त्रास झाला असता असं मनात आलं म्हणून कर्नलचा लॉग चाळला. त्यात एक ओळ सापडली आणि मला हसूच आलं. तिचा मतलब साधारण असा: तुमचा टचपॅड म्हणतोय की त्याला वेगळी बस (माहिती नेणारी वाट) चालते, अमुक दोन ड्रायव्हर वापरात नसतील तर सायनॅप्टिक्स-इंटरटच ही सेटिंग एकवर ठेवून बघा, आणि काय झालं ते आम्हाला या पत्त्यावर कळवा. जगभरच्या सर्व्हरवर चालणारा हा कर्नल, आणि त्याच्या पोटात कोणीतरी चिठ्ठी ठेवलीय, बघा बुवा करून, जमलं तर कळवा!

प्रकरण असं होतं की माझा टचपॅड पीएस-टू नावाच्या जुन्या जोडणीतून बोलत होता. ही आयबीएमनं १९८७ मध्ये आणली, माउस आणि कीबोर्डसाठी. माउसला सांगायचं असतं किती, तर एवढंसं सरकलो आणि हे बटण दाबलं. त्या चिंचोळ्या वाटेनं सायनॅप्टिक्स कंपनीचा पॅड दोन बोटांची जागा कशीबशी पाठवतो, तिसऱ्याबद्दल फक्त "आहे बरं का" इतकंच, कुठे आहे ते नाही. लिबइनपुट बिचारं दोन बोटांवरून तिसऱ्याचा अंदाज बांधत बसणार. पण त्याच चिपला एसएमबस नावाची दुसरी वाट असते, तिथून सगळ्या बोटांची नीट हजेरी मिळते, आणि लिनक्स कर्नलला ती वाट २०१७ च्या सुमारास वापरता यायला लागली. काही मॉडेलांवर ती आपोआप चालू होते, माझं त्या यादीत नसावं. ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलीत कर्नलला द्यायच्या ओळीत चिठ्ठीतली ती सेटिंग घातली, अपडेट केलं, रीस्टार्ट. परत डीबग-इव्हेंट्स लावलं तर यादीत टचपॅडचं नावच बदललेलं, आणि तीन बोटं म्हणजे तीन बोटं, चार म्हणजे चार. (हे सगळ्यांना लाभतंच असं नाही, काही मशीनवर झाकण उघडल्यानंतर पॅड रुसतो असं लोक सांगतात. माझा रुसला नाही.)

त्या काळ्या स्क्रीनवर मग मी बराच वेळ नुसती बोटं फिरवत बसले. मधूनच एखाद्या स्वाइपच्या शेवटी 'कॅन्सल्ड' असं यायचं. शोधलं तर कळलं, जेस्चर चालू असताना बोटांची संख्या बदलली की लिबइनपुट ते रद्द धरतं. म्हणजे माझी अनामिका सगळ्यात उशिरा टेकत होती आणि सगळ्यात आधी उचलली जात होती. इतकी वर्षं हे बोट असा कामचुकारपणा करतंय आणि मला पत्ता नाही! मॅकबुकनं कधी चुगली केली नव्हती, सांभाळून घेत असणार. हात जरा आडवा, पंजा थोडा सैल ठेवायला लागले तर कॅन्सल्ड कमी झालं, आणि मनगटालाही ते मानवलं.

पण बोटं नीट कळली तरी खिडक्या हलत नव्हत्या, कारण वरच्या खिडकीवर अजून कोणीच बसलेलं नव्हतं. इथे पर्याय बरेच आहेत. लिबइनपुट-जेस्चर्स नावाची एक पायथन स्क्रिप्ट फार लोकप्रिय आहे, ती मी बघितलं तेच डीबग-इव्हेंट्स वाचत बसते आणि सांगाल ते करते. काम चोख, पण त्यासाठी स्वतःला इनपुट ग्रुपमध्ये घालून घ्यावं लागतं, आणि त्या ग्रुपमध्ये गेलं की तुमच्या खात्यातून चालणारा कुठलाही प्रोग्रॅम टचपॅडच काय, कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक बटण वाचू शकतो. बँकेचा पासवर्डही. बहुतेक मार्गदर्शक लेख ती कमांड एका ओळीत देऊन मोकळे होतात, त्याबद्दल चकार शब्द नाही, हे मला पटत नाही. त्यापेक्षा टचेग नावाचं सॉफ्टवेअर बरं वाटलं, होजे एक्सपोझिटो यांचं, एलिमेंटरी ओएस या लिनक्सनं २०२१ मध्ये आपल्या सहाव्या आवृत्तीत घेतलं तेच. त्याचे दोन भाग असतात, बोटं वाचणारा डीमन नावाचा भाग मागे वेगळा चालतो आणि तुमच्या खात्यात चालणाऱ्या भागाला फक्त झालेलं जेस्चर कळतं.

आणि मग ती फाइल. टचेगडॉटकॉन्फ, साधी एक्सएमएल, म्हणजे खुणा घालून लिहिलेला मजकूर. प्रत्येक जेस्चरला एक ओळ: प्रकार, किती बोटं, कुठली दिशा, आणि त्याखाली कृती. खिडकी मोठी कर, खाली बसव, डेस्कटॉप बदल, अमुक बटणं दाबल्यासारखं कर, अमुक कमांड चालव. खिडकी बंद करायचं जेस्चर होतं ते सगळ्यात आधी उडवलं, न सेव्ह केलेल्या दुरुस्त्यांच्या वर असली टांगती तलवार कोणी ठेवायची. तीन बोटं डावी-उजवी म्हणजे डेस्कटॉप बदलणं, ऑफिसातलंच. पण वरच्या दिशेला आले आणि थबकले. मॅकवर वर म्हणजे सगळ्या खिडक्यांचा पसारा. इथे मला तो हवाय का? माझ्याकडे खिडक्या मोजून तीन, आणि प्रत्येक आपापल्या डेस्कटॉपवर. मला खरी गरज होती ती पीडीएफचं पान उलटायची. टचेगमध्ये एखाद्या ॲपपुरतं वेगळं सांगता येतं, तर पीडीएफ रीडरपुरतं तीन बोटं वर म्हणजे पुढचं पान, खाली म्हणजे मागचं, टेबलावरचा कागद वर सारला की खालचा दिसतो तसंच. बाकी सगळीकडे वर म्हणजे खिडकी मोठी. इतकी वर्षं जी सवय माझी म्हणून मी कवटाळून बसले होते ती ॲपलच्या कूपर्टिनोत कोणाच्या तरी टेबलावर ठरलेली होती, आणि प्रूफ वाचणाऱ्या बाईला काय लागेल हे त्यांना कुठून माहीत असणार. लिबइनपुटवरचा माझा राग इथे गेला.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, रविवारी जेवायला आला होता, त्याला कौतुकानं दाखवलं तर म्हणतो, "आत्या, तू अजून एक्स-इलेव्हनवर आहेस?" एक्स-इलेव्हन म्हणजे खिडक्या पडद्यावर दाखवणारी ती जुनी डिस्प्ले सिस्टम, तीही १९८७ चीच, माझ्या बालवाडीच्या वर्षातली. त्याच्या लॅपटॉपवर एक्स-इलेव्हनच्या जागी आलेलं वेलँड, आणि वर ग्नोम हा डेस्कटॉप. ग्नोम ४० मध्ये, २०२१ साली, तीन बोटांची जेस्चर अंगचीच आली, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये प्लाझ्मा ५.२५ ला, २०२२ मध्ये, ती बोटाबरोबर चालणारी झाली. त्यानं करून दाखवलं, बोटं अर्ध्यात थांबवली की स्क्रीनही अर्ध्यात थांबतो, डावीकडे अर्धा हा, उजवीकडे अर्धा तो, बोट मागे घेतलं की मागे. माझ्याकडे टचेग खिडकीवर निळसर चौकोनाचं ॲनिमेशन काढतं, त्यापुढे ते कितीतरी देखणं आहे, नाही कशाला म्हणा. "मग पीडीएफमध्ये तीन बोटांनी पान उलटून दाखव," मी म्हटलं. त्यावर तो एक्स्टेन्शन शोधायला लागला आणि पोळी गार झाली.

तसा तो बरोबरच आहे. उबंटूनं २५.१० मध्ये ग्नोमचं एक्स-इलेव्हन सेशन काढूनच टाकलं, एक्सएफसीईनं डिसेंबर २०२४ च्या ४.२० मध्ये वेलँडला प्रायोगिक का होईना सुरुवात केलीय, आणि वेलँडवर टचेग चालत नाही. म्हणजे माझी ही फाइल काही जन्माची सोबत नाही. त्या वेळी काय मिळेल ते मिळेल, काय हवंय ते तरी आता मला माहीत आहे.

अडचण आली ती वेगळ्याच बाजूनं. संध्याकाळी लॅपटॉप बाबांकडे असतो, म्हणजे सासऱ्यांकडे. त्यांचं खातं वेगळं, काम एकच, क्रिकेट. आयुष्यभर तबला वाजवलेला माणूस, समोर काही सपाट दिसलं की अख्खा पंजा टेकवून बसणार. लिबइनपुट तळहात ओळखायचा प्रयत्न करतं, दाब बघतं, स्पर्शाचा आकार बघतं, पॅडच्या कडेला आहे का बघतं, टायपिंग चालू असताना पॅडच बंद ठेवतं, पण पॅडच्या मधोमध बोटं पसरून ठेका धरणाऱ्याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. टचेग आपोआप सगळ्यांच्या खात्यात सुरू होतं, तिथे मूळची फाइल, तीन बोटं खाली आली की खिडकी गायब. आतून हाक, "अगं, मॅच गेली!" मी जाऊन खालच्या पट्टीवरून खिडकी वर काढायची, परत पाच मिनिटांनी तेच. शेवटी त्यांच्या खात्यात सेशन अँड स्टार्टअपमध्ये टचेगपुढची खूण काढली, विषय संपला.

संपला कसला. त्यांनी नातवाला मोबाइलवर दोन बोटांनी अक्षर मोठं करताना बघितलेलं. "तुझ्या त्या बोटांच्या भानगडीत हे नाही का बसत? स्कोअरकार्ड बारीक दिसतं मला." बसतं की. परत टचेग चालू केलं, त्यांच्या होम फोल्डरमध्ये त्यांची स्वतःची फाइल केली, तीन आणि चार बोटांचं सगळं पुसून टाकलं, ठेवलं फक्त दोन बोटांचं पिंच, फायरफॉक्सपुरतं, बोटं लांब केली की कंट्रोल आणि प्लस, जवळ आणली की कंट्रोल आणि मायनस. आता पंजा कितीही टेकवा. स्कोअरकार्ड त्यांनी इतकं मोठं करून ठेवलंय की एका वेळी चारच बॅट्समन मावतात, पण चष्मा न लावता वाचतात.

काल म्हणाले तबल्याच्या बोलांची पीडीएफ आहे तिथे हे होत नाही. टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप ही कमांड चालवून त्या खिडकीवर क्लिक केलं, रीडरचं खरं नाव मिळालं, फाइलीत फायरफॉक्सपुढे स्वल्पविराम देऊन ते लिहिलं. सेव्ह केलं की टचेग फाइल आपली आपण परत वाचतं, लॉगआउटची भानगड नाही. म्हटलं, बाबा, बघा आता होतंय का. म्हणाले, थांब जरा, ही ओव्हर संपू दे.